शनिवारचं तेल

मला एका जागी बसवत नाही. वर्गात माझ्यासाठी खुर्ची ठेवलेली असते, तिच्यावर माझी पर्स बसते. जेवण मी ओट्याला टेकून उभ्या उभ्या उरकते. कुणाच्या लग्नाला गेले तर अक्षता पडेपर्यंत मंडपाभोवती माझ्या चकरा चालू असतात. माय म्हणते, "पायाला भिंगरी लावूनच आलीस तू." तशी मी आले नव्हते. भिंगरी नंतर लागली, आणि ती कधी लागली ते आम्हा दोघींनाही चांगलं ठाऊक आहे.

मी फिजिक्स शिकवते. आठवड्याचे बरेचसे दिवस लातुरात आणि उरलेले नांदेडला. ही दोन्ही शहरं आता लोकांच्या पोरांना डॉक्टर करायच्या कामाला लागली आहेत. हदगावहून, उदगीरहून, मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमधून पोरं येतात, खोली करून राहतात, मेसचं पाणचट वरण जेवतात आणि उजाडल्यापासून नोट्स छातीशी धरून पळत सुटतात. जिकडे बघाल तिकडे फ्लेक्स. वर गुण मिळवलेल्या पोरांचे फोटो, खाली हाताची घडी घातलेले सर. माझाही एक आहे. हाताची घडी घालून स्थिर उभं राहा, हे त्या फोटोग्राफरला मला इतक्या वेळा सांगावं लागलं की शेवटी तोच वैतागला. माझ्या लहानपणी लातूर म्हटलं की बाहेरची माणसं "अरेरे, भूकंप" म्हणायची. आता विचारतात, "कोणत्या सरांची बॅच?"

दोन शहरांत शिकवते म्हणून लोकांना वाटतं, बाईला हाव सुटलीय. सुटलीय खरी, पण ती मधल्या रस्त्याची. भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर कितीतरी दिवस जमीन अधूनमधून हलायची आणि पत्र्याच्या शेडमध्ये निजलेली माणसं ताडकन उठून बाहेर पळायची. मी तर झोपायचीच नाही. मला झोप लागायची ती फक्त एसटीत. मायच्या मांडीवर डोकं टेकलं, गाडी सुरू झाली की मेल्यासारखी झोपायची. चालत्या गाडीत जमीन हलली तरी कळत नाही, हा शोध मी तेव्हाच लावला. फिजिक्समधलं माझं पहिलं संशोधन तेच, आणि शेवटचंही.

त्यामुळे पुढे कमवायला लागले तेव्हा लोकांनी प्लॉट घेतले आणि मी गाडी घेतली. हैदराबादच्या एका डॉक्टरची वापरलेली, लाल, दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्‌स कार. तिचा आवाज ट्यूशन एरियात पलीकडच्या चौकापर्यंत जातो. पोरं तिला 'मॅडमचं विमान' म्हणतात. माय पहिल्यांदा बसली तेव्हा तिचा एक गुडघा आत आणि एक बाहेर अशा अवस्थेत बराच वेळ गेला. आत गेल्यावर ती म्हणाली, "ह्यात बसायचं का निजायचं?" मग पदर नीट केला, गळ्यातलं इष्टलिंग हातानं चाचपलं आणि म्हणाली, "चल."

ती गाडीत बसायला लागली याचं मला इतकं सुख होतं की ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माय घराच्या आत झोपत नाही. स्लॅबचं घर आहे, इंजिनिअरकडून सळया मोजून घेऊन बांधलेलं आहे, पण ती अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर झोपते. पावसात ताडपत्री लावते, थंडीत दोन गोधड्या घेते. शेडमध्ये एका बाजूला तिची बाज आणि दुसऱ्या बाजूला माझी गाडी. आमच्या घरातल्या दोन महत्त्वाच्या गोष्टी घराबाहेरच असतात.

तिची दुसरी सवय म्हणजे तेल. भूकंपानंतर लातुरात येऊन तिनं शाळेचे गणवेश शिवून मला वाढवलं. त्या शिलाई मशीनच्या तेलाची एक लांब चोचीची कुपी तिच्याकडे आहे. दर शनिवारी ती कुपी घेऊन घरभर फिरायची. दारांच्या बिजागऱ्या, कड्या, बोल्ट, खिडक्यांचे खिट्टे, गेटचा अडसर, कपाटाचं कुलूप. शेजारच्या काकूंना वाटायचं शनिवारचं तेल म्हणजे शनीचं काहीतरी असणार, आणि तसं त्यांनी चार घरी सांगूनही टाकलं. आमच्या घरात एकही दार वाजायचं नाही. बाहेरच्याला गंमत वाटायची. मला राग यायचा, कारण कडीला हात लावला की बोटं तेलकट, आणि त्या बोटांनी उत्तरपत्रिका धरली की कागदावर डाग.

हे सगळं का, तेही मला माहीत होतं. औशाच्या पलीकडे आमचं गाव. तिथे आमचं दगडामातीचं माळवदाचं घर होतं आणि पुढच्या खणात आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान. गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं असताना पहाटे जमीन हलली. माय मला काखेत मारून दाराशी गेली आणि दाराची कडी निघेना. मागून आप्पा आम्हाला पुढे ढकलत होते. कडी निघाली तेव्हा आम्ही दोघी बाहेर पडलो, आप्पा पडले नाहीत. मला त्यातलं फक्त मायचं कोपर आठवतं, कडी हिसडताना माझ्या कानावर आदळणारं. म्हणून माय कड्यांना तेल घालते, एवढं मला कळत होतं. त्यापलीकडे विचारायचं धाडस मी कधी केलं नव्हतं.

आता ब्रेकचं. मे महिन्यात परीक्षा संपली की आमच्या धंद्यात थोडी उसंत मिळते. तेव्हा मी चेन्नईजवळच्या रेसच्या ट्रॅकवर गाडी घेऊन गेले. तिथे हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवता येतात. बहुतेक सगळे पुरुष आणि महागडे हेल्मेट. ट्रॅकवर गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की माझ्या डोक्यातली भुणभुण बंद होऊ शकते. वळण येतं, तेवढंच असतं. पण दुपारनंतर पाय ब्रेकवर ठेवला की तो पाण्यात बुडाल्यासारखा खाली जायला लागला. कारण सोपं होतं. पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक दाबला की चाकांतल्या चकत्या तापतात, ती उष्णता पायाचा दाब पोचवणाऱ्या फ्लुइडपर्यंत जाते, ते उकळतं, बुडबुडे होतात. मग तुम्ही ब्रेक दाबत नाही, बुडबुडे दाबत बसता. हे मी दरवर्षी शिकवते. पायाखाली अनुभवणं वेगळं.

परत आल्यावर गॅरेजवाल्यानं सांगितलं, काही होत नाही, पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत चालेल. पावसाळ्यात मी मायला घेऊन नांदेडला निघाले होते. अहमदपूरच्या पुढे उतारावर समोर ट्रक थांबला. मी ब्रेक दाबला आणि पाय तसाच खाली गेला. भराभर पंपिंग करून गाडी थांबली, ट्रकच्या मागच्या साखळीपासून हातभर अंतरावर. नांदेड येईपर्यंत तिनं दाराच्या कडीवरचा हात काढला नाही. परतीला म्हणाली, "मी यष्टीनं येते."

तेव्हापासून ती माझ्या गाडीत बसेना. भाजी आणायलाही रिक्षा. मी हसण्यावारी नेलं, चिडले, विनवलं. ती म्हणायची, "तुझी गाडी चांगलीच हाय. मला यष्टी बरी." मला ते फार लागलं. ज्या बाईनं मला काखेत मारून बाहेर काढलं, तिला माझ्या शेजारी बसायची भीती वाटत होती.

आणि तिचा गावी जायचा दिवस जवळ येत होता. दरवर्षी भूकंपाच्या दिवशी ती गावी जाते. नवं गाव बाजूला वसलं आहे, सरळ रेघांत. जुन्या गावठाणात आता बाभळी आणि दगड. दुकान होतं तिथे ती दिवा लावते आणि येते. गुडघे दुखायला लागल्यापासून तिला एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत. मी ठरवलं, यंदा तिला माझ्याच गाडीनं न्यायचं. त्यासाठी ब्रेक असे करायचे की पुन्हा कधी तिचा हात कडीकडे जाणार नाही. ट्रॅकवर दिवाळीत जायचं होतंच, पण ते लोकांना सांगायला.

नांदेडला एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्याकडे सामान घेऊन गेले. त्यांनी खोकं उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, लोक गाडी पळवायचं सामान आणून राहिले. तुम्ही थांबवायचं आणलं."

"पळते ती, उस्ताद. थांबत नाही."

"मग हॉर्न मोठा बसवून देतो की. समोरचाच बाजूला होईल."

ते असेच बोलतात आणि काम करता करता जगाच्या बातम्या सांगतात. मी त्यांच्या डोक्यावर उभी राहून सगळं करून घेतलं. पुढच्या चाकांना खाचा असलेल्या नव्या चकत्या, रबराच्या जागी पोलादी जाळीचे पाइप, जास्त तापमान सोसणारं फ्लुइड. खरी पंचाईत पॅडची होती. पॅड म्हणजे चकतीला दोन्हीकडून दाबून धरणारे ठोकळे. ट्रॅकचे पॅड तापल्यावर छान धरतात आणि थंड असताना नुसते घसरतात. म्हणजे सकाळी घरातून निघताना पहिल्याच चौकात दगा. रस्त्याचे पॅड थंड असतानाही धरतात, पण ट्रॅकवर जळतात. दोन्हीकडे चालतील असे मधले पॅड असतात, त्यांना एकच खोड, ते ओरडतात. ट्रॅकवर शेवटच्या फेऱ्यांत थोडं कमी मिळालं असतं, पण मी मधले घेतले. निवडताना माझ्या डोळ्यांसमोर ट्रॅक नव्हता, शेजारच्या सीटवर पदर सावरून बसलेली माय होती. कॅलिपर, म्हणजे ते ठोकळे धरणारा चिमटा, उस्तादांनी हौसेनं लाल रंगवून दिला. त्याला मी नको म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी लातुरात आले. गेटात वळताना ब्रेक लावला तर गाडी अशी किंचाळली की माय बाजेवरून उठली.

"काय झालं गं तिला?"

"नवे ब्रेक आहेत, माय. वाजणारच."

"लई करकर करायली."

"करू दे."

मी आत गेले. नवे पॅड लगेच कामाला येत नाहीत, त्यांना आधी बसवावं लागतं. गाडी पळवायची, जोरात ब्रेक दाबायचा, पण पूर्ण थांबू द्यायचं नाही, पुन्हा पळवायचं. असं करत करत पॅडचा एक पातळ थर चकतीवर चढतो आणि मग दोघांचं जमतं. त्यासाठी मोकळा रस्ता हवा. रविवारी सकाळी रिंग रोडला जायचं ठरवलं. मधला शनिवार मी दिवसभर वर्गात होते, स्कूटीवरून गेले.

रविवारी सकाळी गाडी काढली. गेटाशी ब्रेक जरा निसरडा लागला. मनात म्हटलं, अजून बसलेत कुठे. रिंग रोडला जायचं तर ट्यूशन एरियातून जावं लागतं, आणि रविवार म्हणजे टेस्टचा दिवस. वेग फार नव्हता. चौकाच्या अलीकडे मुलींचा एक घोळका रस्त्यात उतरला, सगळ्यांच्या माना नोट्समध्ये. मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला नाही, पेडल दगडासारखं घट्ट होतं, पण गाडी चालतच राहिली. मी सगळा भार दिला, ती रेंगाळली, थांबली नाही. हॉर्न दाबला, हँडब्रेक ओढला, स्टेअरिंग डावीकडे मारलं. गाडीचा मागचा भाग फिरला आणि नाक जाऊन एका फ्लेक्सच्या बांबूंत घुसलं. मुली दोन पावलांवर होत्या. त्यांतल्या एकीनं वर बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, टेस्टला उशीर झालाय," आणि त्या गेल्या. त्यांना काही कळलंच नव्हतं.

फ्लेक्स आमच्या समोरच्या क्लासच्या फिजिक्सच्या सरांचा होता. पुढचे कितीतरी दिवस पोरं सांगत होती की मॅडमनी सरांवर गाडी घातली. तेव्हा मात्र मला हसू येण्यासारखं काही नव्हतं. खाली उतरले तर पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर येत होता. वाकले आणि वास आला. तो वास मला पाठ होता. माझ्या लहानपणीच्या सगळ्या शनिवारांना तोच वास होता. मशीनचं तेल.

पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक हातात धरून, माणसाच्या चालीनं घरी आले. माय तुळशीला पाणी घालत होती. मी दाराशीच विचारलं.

"माय, गाडीला तेल घातलंस?"

"घातलं की." समाधानानं म्हणाली. "त्या चकचकीत ताटल्या हायेत न्हवं, त्यावर घातलं. लाल ठोकळ्यात बी सोडलं. मागं पान्याचे ड्रम आडवे आले, तिथं हात पुरला न्हाई. थांबली का करकर?"

ते ड्रम आडवे नसते तर मागचे ब्रेकही गेले असते आणि त्या मुली गेल्या असत्या. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मी ओरडायला लागले. मला राग आला की आवाज टिपेला जातो, वर्गातली पोरं सांगतील. "पोरी मेल्या असत्या माझ्या हातून! कुणी सांगितलं होतं तुला? सगळ्या घराला तेल पाजतेस, पाज. माझ्या गाडीला कशाला हात लावलास? ब्रेकला तेल घालतं का कुणी? काय येडेपण लावलंयस इतकी वर्षं?"

तिनं तांब्या खाली ठेवला. पोरी मेल्या असत्या, हे तिला ऐकू गेलं होतं. बाकीचं गेलं होतं का, माहीत नाही. ती बाजेच्या काठावर बसली आणि हाताच्या बोटांकडे बघत राहिली.

"मला वाटलं, अडायली," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझ्या गाडीचं अडलंच व्हतं की, ट्रकापाशी. म्हनलं, आपन घालून ठिवावं. पुन्हा राहून जायला नगं."

"पुन्हा म्हणजे?"

शेजारी कुकरची शिट्टी झाली. मग ती माझ्याकडे न बघता बोलली.

"आप्पा सांगायलते मला. गनपती बसल्यापास्नं सांगायलते, कडी अडकायली, जरा तेल सोड. मी म्हनलं, सोडते. आरास केली, परसाद केला, समद्यांचं समदं केलं. कडीचं तेवढं राहिलं."

मी तिच्या शेजारी बाजेवर बसले. कशी बसले ते कळलं नाही. इतकी वर्षं मी त्या तेलाचे डाग पुसत आले होते, चिडत आले होते, आणि ती दर शनिवारी घरभर फिरून एकच कडी पुन्हा पुन्हा सोडवत होती. मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण आमच्यात तशी पद्धत नाही. मला येतं ते एकच, शिकवणं. म्हणून मी शिकवायला लागले.

"माय, ऐक. ब्रेक म्हणजे घासणं. चाकाला दोन्हीकडून धरून घासायचं, तेव्हा ते थांबतं. तिथे तेल गेलं की धरायलाच काही राहत नाही. कळलं?"

"कळलं. चुकलं माझं."

"चुकलं ते जाऊ दे. आता कडीचं ऐक. जमीन हलली की भिंत हलते. भिंत हलली की दाराची चौकट वाकडी होते. चौकट वाकडी झाली की कडी कोयंड्यात आवळून बसते. मग तेल असलं काय आणि नसलं काय. तेलाच्या डब्यात बुडवून ठेवली असतीस तरी ती निघाली नसती."

ती माझ्याकडे वळली. माय शिकलेली नाही, पण तिच्यासमोर ढिसाळ बोललेलं चालत नाही.

"मग निघाली कशी?"

"पुढच्या हिसक्यानं चौकट पुन्हा हलली, म्हणून."

"तेलानं काईच झालं नसतं?"

"काही झालं नसतं."

"खरं सांगायलीस?"

"मी फिजिक्स शिकवते, माय."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मग ती उठली आणि तुळशीचं उरलेलं पाणी घालायला गेली.

मी सांगितलं ते खरं होतं का? चौकट वाकडी होते हे खरं आहे. असं पुष्कळ घरांत झालेलं आहे. पण ती कडी त्या घटकेला नेमकी कशानं अडली होती, हे मला माहीत नाही, कुणालाच कधी कळणार नाही. ज्या कडीबद्दल बोलले ती ढिगाऱ्याखाली गेली. वर्गात एखादं पोर असं पुराव्याशिवाय ठासून बोललं असतं तर मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं असतं. त्या सकाळी मात्र माझा आवाज जराही अडखळला नाही. आणि तो अडखळला नाही याचं मला आजही बरं वाटतं.

तेल प्यालेले पॅड वाया जातात, कितीही धुतले तरी. गाडी नांदेडला नेण्याची सोय नव्हती, उस्तादच नवे पॅड घेऊन बसनं लातूरला आले. चाक काढून बोटानं चाचपलं आणि हसायला लागले. "ब्रेकला तेल? हे कोणत्या शहाण्याचं काम?"

"माझ्या मायनं घातलं," मी म्हटलं.

ते लगेच कामाला लागले. चकत्या धुतल्या, घासल्या, पुन्हा धुतल्या. काम होईपर्यंत एकही बातमी सांगितली नाही. जाताना मायनं दिलेला चहा घेतला आणि तिला म्हणाले, "अम्मा, आता बेफिकीर बसा."

ती बसेल असं मला वाटलं नव्हतं. पॅड बसवायला निघाले त्या सकाळी ती शेडमध्ये गाडीच्या दाराशी उभी होती. बेसनानं घासून धुतलेले हात पदराला पुसत म्हणाली, "मी येते." एक गुडघा आत, एक बाहेर, नेहमीसारखंच. मी लगेच गाडी सुरू केली, काही बोलले असते तर ती उतरली असती. रिंग रोडला गेलो. मी गाडी पळवली, करकचून दाबली, थांबायच्या आत सोडली, पुन्हा पळवली. माय पुढे झुकायची, मागे यायची. चौथ्या-पाचव्यांदा म्हणाली, "थांबायचंच हाय तर पळायलीस कशाला?"

मी पुन्हा गाडी पळवली.

भूकंपाच्या दिवशी आम्ही गावी गेलो. औशाच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आली. मी पाय टेकवला आणि गाडी जागच्या जागी बसली. ब्रेक इतक्या जोरात किंचाळले की म्हैसच दचकली. मी शेजारी बघितलं. मायचा हात मांडीवर होता, दिव्याच्या पिशवीवर. ती ऐकत होती.

"वरडायली," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजी धरायली?"

"हो, माय. धरतेय."

"मंग वरडू दे."

जुन्या गावठाणात तिनं दिवा लावला. वारा होता, मी हातांचा आडोसा केला. मी पूर्वी तिथे गाडीतून उतरायचीच नाही, इंजिन चालू ठेवून वाट बघायची. त्या दिवशी इंजिन बंद केलं आणि वात जळून संपेपर्यंत तिच्याजवळ उकिडवी बसले. पायाला मुंग्या आल्या, पण उठले नाही.

दिवाळीत ट्रॅकवर जाऊन आले. ब्रेक शेवटच्या फेरीपर्यंत टिकले. परत आले तेव्हा दुपार होती. माय शेडमध्ये लवंडली होती. हात-पाय धुवायला न्हाणीचं दार ढकललं आणि ते करकरलं.

या घरात दार वाजलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आधी वाटलं, दुसरंच काही आहे. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. पुन्हा करकरलं. स्वयंपाकघराचं दार बघितलं, ते वाजत नव्हतं, पण कडी कोरडी होती. कुपी मशीनच्या खणात होती, चोचीला टोपण लावलेली.

बाहेरून मायचा आवाज आला. "कोन हाय?"

"मी आहे," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली, आणि बाज वाजली. कूस बदलून ती परत झोपली.